बांधापाशी संपणारे रस्ते

गेल्या दिवाळीत पहूरला घरी गेलो, तेव्हा फराळाची ताटं उचलल्यावर आप्पांनी जमिनीवर एक मोठा कागद पसरला. चारही कोपऱ्यांवर पितळी पेले ठेवले. आमच्या शेताचा ले-आऊट होता तो. अडीच एकरांत मावतील तितके प्लॉट, मध्ये नऊ मीटरचा रस्ता, त्याला फुटलेल्या चार गल्ल्या आणि कोपऱ्यात ओपन स्पेस. नानाकाका म्हणाले, "तू कंप्युटरवाला ना, बघ बरं सगळं बरोबर आहे का."

बेरजा बरोबर होत्या. मला खटकलं ते वेगळंच. चारही गल्ल्या शेताच्या पूर्वेच्या बांधाशी जाऊन संपत होत्या. बांधापलीकडे दहा-बारा वर्षांपूर्वी पडलेला दुसरा ले-आऊट आहे. त्याच्याही गल्ल्या त्याच बांधाशी संपतात, फक्त पलीकडून. दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसावीत, तशी ही दोन वसाहतींची पाठ.

पलीकडच्या ले-आऊटमध्ये माझी आत्या राहते. आमच्या शेतात उभं राहून हाक मारली तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओ देते. पण रस्त्याने तिच्याकडे जायचं तर आधी महामार्गावर यायचं, ट्रकच्या कडेकडेने चालायचं आणि तिच्या कॉलनीच्या तोंडातून पुन्हा आत शिरायचं. तीन वर्षांपूर्वी एका रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. त्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी लग्नाचा मांडव होता. गाडी आत येईना आणि बाहेरही निघेना. शेवटी आम्ही तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची तारेच्या कुंपणावरून उचलून घेतली आणि आमच्या कपाशीतून चालत रस्त्याला आणली. आत्या वाचली. पण आता त्या कपाशीच्या जागी प्लॉट येणार आणि बांधावर भिंत. पुढच्या वेळी खुर्ची कुठून न्यायची?

त्या कागदाने मला कामाला लावलं. रस्ते कुठे जुळतात, कुठे तुटतात आणि हे ठरवतं कोण, याचा शोध घेत मी पहूरहून निघालो आणि धुळ्याला पोचलो. तेही दोनशे वर्षं मागे.

कसबे आणि पेठ

जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्यांना पहूर माहीत असतं ते फाट्याचं गाव म्हणून. इथून एक रस्ता जामनेरकडे वळतो. गावाला वाघूर नदी आहे, तीच जी वर अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून खाली येते. सरकारी कागदांत मात्र पहूर एक नाही, दोन आहेत: पहूर कसबे आणि पहूर पेठ. ही नावंच इतिहास सांगतात. कसबा म्हणजे कारभाराचं ठिकाण, पेठ म्हणजे बाजारासाठी वसवलेली वस्ती. आपल्याकडे शेकडो गावं अशीच वाढली. आधी कसबा, मग शेजारी पेठ.

जुन्या गावठाणात सरळ रस्ता शोधून सापडणार नाही. एखादी गल्ली बैलगाडीपुरती, एखादा बोळ दोन माणसांपुरता. पण लहानपणी लपाछपी खेळताना आम्हाला जे कळलं होतं ते असं की, जवळजवळ प्रत्येक बोळ कुठेतरी निघतो. मारुतीच्या पारामागून शिरलं की चावडीकडे निघता येतं. वाकडं असणं वेगळं आणि तुटलेलं असणं वेगळं. गावठाण वाकडं आहे, पण जोडलेलं आहे.

याचं फार कौतुकही करायला नको. नकाशावर जोडलेला बोळ प्रत्येकाच्या पायांना मोकळा होताच असं नाही. कोणी कोणत्या गल्लीतून जायचं, कोणत्या विहिरीपर्यंत जायचं, हे जात ठरवत होती. काही वस्त्या तर गावाच्या नकाशातच नव्हत्या, वेशीबाहेर होत्या. म्हणून 'पूर्वी सगळं छान होतं' असा हा लेख नाही. पूर्वी रस्ता जोडण्याची आणि माणूस तोडण्याची रीत वेगळी होती, इतकंच.

धुळ्याच्या सरळ रेघा

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी धुळ्यात काढली. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या शहरात चुकणं अवघड आहे. आग्रा रोड हा कणा आणि त्याच्या जोडीने समांतर गल्ल्या. त्यांना नावंही कशी, तर गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. एक रस्ता बंद असला तर पुढच्या कोपऱ्यावर वळायचं, की पुन्हा आपण आपल्या वाटेवर.

हे कोणी केलं, असं धुळ्यात कोणालाही विचारा. दहातले आठ जण सांगतील, विश्वेश्वरय्यांनी. मीही चार वर्षं हेच सांगत होतो. विश्वेश्वरय्यांचा धुळ्याशी संबंध खरा आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर सुरुवातीच्या काळातच ते खानदेशात आले आणि पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती इथे त्यांनी कालव्यासाठी नळांचा सायफन बांधला. पण शहराची आखणी त्यांची असू शकत नाही. त्यांचा जन्मच मुळी या पेठेनंतर चाळीसेक वर्षांनी झाला.

खरी गोष्ट १८१८ मध्ये सुरू होते. पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखाली कॅप्टन जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून इथे आला. फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. दुष्काळ, पेंढारी आणि लढाया यांनी खानदेश उजाड झाला होता. १८१९ मध्ये ब्रिग्जने मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडलं, कारण ते मध्यावर होतं आणि सुरत-बुऱ्हाणपूरच्या व्यापारी वाटेवर होतं. जुन्या गावाला लागून त्याने नवी पेठ आखली आणि व्यापारी व कारागीर वसावेत म्हणून त्यांना सवलती दिल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूरच्या घळीत अजिंठ्याची लेणी दिसली. एकाच वर्षी एका इंग्रजाला दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आणि दुसऱ्याने पुढच्या दोनशे वर्षांची आखली.

त्या काळात जगभर हेच वारं होतं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनची प्रसिद्ध चौकट १८११ ची, म्हणजे धुळ्याच्या आठच वर्षं आधीची. बार्सिलोनाची १८५९ ची. या सगळ्या आखण्यांत एक गोष्ट समान आहे. रस्ता आधी आला, घर नंतर. घर कोणाचं, दुकान कोणाचं, हे बदलत राहिलं, पण रस्त्याची रेघ हलली नाही. आज धुळ्यात ब्रिग्जच्या काळचं घर दाखवा म्हटलं तर पंचाईत होईल. त्याची गल्ली मात्र पायाखाली आहे.

पण ब्रिग्जला हे जमलं कसं? तो जिंकून आलेला होता, हे त्याचं उत्तर. आखताना त्याला कोणाच्या बांधाशी थांबायचं नव्हतं. आपल्याला ती सोय नाही आणि नसावी. मग प्रश्न असा उरतो: हुकूम न सोडता रस्ते जुळवायचे कसे?

बांध आला कुठून

आमच्या ले-आऊटच्या गल्ल्या ज्या बांधाशी थांबतात, त्या बांधाचाही इतिहास आहे. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेताची मोजणी करून, त्याला सर्व्हे नंबर देऊन सारा ठरवायचा, हे काम इंग्रजांनी खानदेशात १८५० च्या दशकात हाती घेतलं. लोकांना ते मुळीच रुचलं नाही. मोजणी म्हणजे सारा वाढणार, हा त्यांचा संशय. १८५२ मध्ये सावदा भागात आणि एरंडोलला हजारो शेतकरी जमले, मोजणीच्या अधिकाऱ्यांना अडवलं आणि सरकारला फौज बोलवावी लागली. मोजणी पुढे झालीच. तिच्यातून आलेल्या हद्दी, मग १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर झालेले गट, त्यांचे बांध आणि त्यांचे सातबारे हीच आपल्या आजच्या गावाची चौकट.

या रेषा शेतसारा गोळा करण्यासाठी आखल्या होत्या. शेतीत त्यांची अडचण होत नसे, कारण बांध ही भिंत नव्हती, वाट होती. बांधावरून माणसं चालत, बैल जात, डोक्यावर भाकरी घेऊन बाया जात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आजही शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा रस्ता तहसीलदाराकडे मागू देतं. म्हणजे शेत असेपर्यंत कायदा म्हणतो, बांधावरून वाट दे. शेत बिनशेती झालं, त्याचे प्लॉट पडले की त्याच बांधावर सहा फुटांची भिंत उभी राहते आणि वाट मागायची रीतच संपते. गाव शहर होऊ लागतं, तेव्हा बांधाची वाट मरते आणि भिंत जन्माला येते.

रेल्वे आणि फाटे

जळगावची गोष्ट वेगळी. ते वाढवलं रेल्वेने आणि कापसाने. १८६० च्या दशकात खानदेशातून रेल्वे गेली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि जळगावच्या बाजारात पैसा खेळू लागला. पोलन पेठ, नवी पेठ, बळीराम पेठ अशी भर पडत गेली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं जळगावला आलं.

पण रेल्वे ज्या गावाला जगाशी जोडते, त्याच गावाला मधोमध चिरतेही. रुळांच्या अलीकडचं आणि पलीकडचं जळगाव काही पूल आणि फाटकांवर लटकून आहे. नंतर राष्ट्रीय महामार्गाने दुसरी चीर दिली. लांबच्या माणसाला जवळ आणणारा रस्ता शेजाऱ्याला दूर करतो.

आमच्या पहूरलाही गाडी होती, पाचोरा-जामनेर नॅरोगेज. लोकांच्या तोंडी 'पीजे'. सुमारे शंभर वर्षं ती शेंदुर्णी, पहूर करत हळूहळू धावली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. ती इतकी सावकाश जायची की तिच्या रुळांनी कोणाला अडवलं नाही. शेळ्या रूळ ओलांडायच्या, आम्हीही. महामार्गाचं तसं नाही. आता नवी वस्ती जुन्या गावाभोवती न वाढता महामार्गाच्या कडेने शेपटासारखी वाढते. प्रत्येक ले-आऊटला तोंड महामार्गाकडेच हवं, कारण प्लॉटचा भाव तिथून ठरतो. शेजारच्या ले-आऊटशी जुळण्याला भाव नाही.

झाड आणि जाळं

आमच्या धंद्यात याला नाव आहे. रस्त्यांचे चौक म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारे तुकडे म्हणजे रेषा. रेषांमधून बिंदू वजा करा, त्यात एक मिळवा, की जाळ्यात किती वेढे आहेत ते कळतं. वेढा म्हणजे गेलो त्याच वाटेने मागे न फिरता घरी परत येता येणं. वेढे शून्य असतील तर ते जाळं नाही, झाड आहे. झाडाची एक फांदी तोडली की तिच्यापुढचं सगळं तुटतं. आत्याची कॉलनी म्हणजे झाड. लग्नाचा मांडव त्या झाडाच्या बुंध्यावर पडला होता. धुळ्याच्या पेठेत असे वेढेच वेढे आहेत, म्हणून तिथे मांडव पडला तर लोक पुढच्या गल्लीतून जातात.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी हेच मोजमाप मोठ्या प्रमाणावर केलं. एका चौकात सरासरी किती रस्ते मिळतात आणि किती रस्ते आंधळे संपतात, हे त्यांनी काळानुसार तपासलं. अमेरिकेवरचा त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्जाची यंत्रणाच बंद गल्ल्यांच्या वसाहतींची शिफारस करत होती. शांत, सुरक्षित, मुलांना खेळायला बऱ्या म्हणून. परिणामी नव्या वस्त्यांमधले रस्ते तुटत गेले आणि ही घसरण १९९४ च्या सुमारास तळाला पोचली. त्यानंतर तिथे पुन्हा जोडलेले रस्ते बांधायला सुरुवात झाली. २०२० मध्ये त्यांनी लोकांनी मिळून तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे सगळ्या जगाचा हिशेब मांडला, तेव्हा जगाच्या बऱ्याच भागात नवे रस्ते आधीपेक्षा तुटक होत असल्याचं दिसलं. अमेरिका ज्या चुकीतून बाहेर येऊ पाहते आहे, तिच्यात आपण आता शिरतो आहोत. फरक इतकाच की, त्यांनी ती ठरवून केली आणि आपल्याकडे ती कोणीच न ठरवता होते.

एकदा झालेली ही चूक दुरुस्त होणं फार अवघड. १६६६ मध्ये लंडन जळालं, तेव्हा ख्रिस्तोफर रेनने रुंद, सरळ रस्त्यांचं नवं शहर राजापुढे मांडलं. शहर राख झालं होतं, तरी ते झालं नाही. घरं जळाली होती, पण प्रत्येकाची जागा आणि तिची हद्द जळाली नव्हती. लंडन बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभं राहिलं. आगीलाही बांध ओलांडता आला नाही.

प्रत्येकाने थोडं सोडायचं

हुकूम न सोडता रस्ते जुळवण्याचं उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी सापडलं होतं. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. त्यातली कल्पना साधी आहे. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, बांध पुसायचे, आधी रस्ते, शाळा, मैदानं आखायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याने नव्या आकारात परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाच्या दाराशी पुढे जाणारा रस्ता येतो. एकट्याचं नुकसान नाही, एकट्याची चंगळ नाही.

गुजरात आणि महाराष्ट्र तेव्हा एकाच इलाख्यात होते, कायदाही एकच. वेगळे झाल्यावर गुजरातने नगररचना योजनांची वाट धरून ठेवली, अहमदाबादचा मोठा भाग अशा योजनांमधून वाढला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ही तरतूद आहे, पण आपला भर राहिला विकास आराखड्यावर. आराखडा मोठे रस्ते दाखवतो, आतल्या गल्ल्या ज्याच्या त्याच्या ले-आऊटवर सोडतो. अलीकडे पुणे, पनवेलकडे अशा योजना पुन्हा सुरू झाल्या आहेत. पहूरसारख्या गावापर्यंत त्यांतलं काही पोचलेलं नाही. इथे एकेक गट सुटा बिनशेती होतो आणि आपापल्या बांधापर्यंत विचार करतो.

ब्रिग्जकडे हुकूम होता. १९१५ च्या कायद्याकडे वाटा होता. आमच्याकडे ना हुकूम, ना वाटा. फक्त एक कागद आणि चार पितळी पेले.

मी पेन्सिलने सगळ्यात आतली गल्ली पुढे ओढली, बांधापर्यंत. पलीकडे आत्याच्या घरापुढची गल्ली नेमकी तिच्या समोर येत होती. एवढा एक दुवा जोडला की दोन झाडांचा मिळून एक वेढा होतो. दोन्ही वसाहतींच्या मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येकाला बाहेर पडायला दुसरी वाट मिळते. नानाकाकांनी लगेच हिशेब केला. एक प्लॉट पूर्ण जातो, दुसरा अर्धा होतो.

"आणि समोरच्यांनी भिंत पाडलीच नाही तर?" त्यांनी विचारलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणालो, "भिंत कधीतरी पडते काका. प्लॉट विकला गेला की रस्त्याची जागा परत येत नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आप्पांनी पेले उचलले, कागदाची गुंडाळी केली आणि म्हणाले, "त्या रात्री ती खुर्ची मी धरली होती." नानाकाका कपाशीकडे बघत राहिले.

जानेवारीत सुधारलेला नकाशा दाखल झाला. आमची शेवटची गल्ली त्यात बांधापर्यंत जाते. पलीकडची भिंत अजून तशीच उभी आहे. आत्याने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं की, तिने कॉलनीतल्या चार बायकांशी बोलून ठेवलंय.